अठरा हजार

मुफद्दलभाईनं ती पिवळ्या फडक्यात गुंडाळून आणली,
काउंटरवर ठेवली, फडकं उलगडलं नाही.
आधी चहा सांगितला.
इतवारीत, मे महिन्यात, दुपारी दोनला
चहा पाजणारा माणूस काहीतरी विकणार असतो,
एवढं कळायला अंबाझरीच्या फॅक्टरीत
एकतीस वर्षं काढावी लागत नाहीत.

तिथं मी पितळी टरफलं तपासली,
गेज लावला, नापास केली,
केसभर फरकासाठी पोरांशी भांडलो.
गोळी ज्यातून सुटते ती वस्तू
माझ्या हातात कधी आली नव्हती.

लायसन आहे. दोन वर्षांनी आलं.
अर्ज केला तेव्हा मनीषनगरात आमच्या गल्लीत दोन घरं फुटली होती,
ढोबळेबाईंना त्यांच्याच लुगड्यानं बांधून ठेवलं होतं.
आता ढोबळेबाई लेकाकडे पुण्याला,
चोर म्हणे सापडले,
आणि भीती कधी निघून गेली
मला कळलंही नाही.
लायसन मात्र आलं. जुलैच्या आत काहीतरी घ्यायचं, नाहीतर गेलं.

"नवी लाखाच्या वर जाते, काका.
ही अठराला देतो. थोडं काम आहे."

थोडं.
मी चष्मा पुसला, फडकं उलगडलं.
चक्री फिरत नव्हती, घोडा अर्ध्यावर अडायचा,
नळीच्या तोंडाशी गंज,
मुठीची एक बाजू गायब, तिथं काळी टेप.
आणि माझ्या बोटांना, ही बोटं हरामखोर आहेत,
माझ्या बोटांना भूक लागली.
यांनी अख्ख्या गल्लीचे कूलर चालवलेत,
निमजेंच्या पोरीची सायकल, देवळातलं घड्याळ,
सूर कळत नसताना एक हार्मोनियमसुद्धा.
मोडकं दिसलं की
कशासाठी, हे यांना विचारायचं नसतं.

"कारागीर आपला आहे, लायसनवाला.
तुम्ही नुसते शेजारी बसा, सांगत राहा त्याला."
मुफद्दलभाई माणूस ओळखतो.

दिव्याखाली धरली.
जिन्यावरून पडली म्हणाला.
पडलेली वस्तू मला कळते:
कोपरा चेपतो, ओरखडा तिरपा जातो,
पडण्याला नेम नसतो.
इथं तीन घाव होते, एकाच बाजूनं, वरून.
पहिला भित्रा, घसरलेला.
दुसरा बरोबर.
तिसरा त्या दुसऱ्याच्या आतच बसलेला.
आणि खालच्या अंगाला बारीक टोचे,
नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्याचे.

हे काम होतं.
खाली पाटा, वर वरवंटा, दार आतून लावलेलं,
आणि कोणाला तरी नीट ठाऊक होतं
कुठं मारलं की पुन्हा चालायची नाही.

"कोणाची?"
"काटोलच्या संत्रेवाल्याची. मागच्या साली गेले. बाईनं जमा केली."
"मोडली कधी? ते जायच्या आधी, का नंतर?"
तो हसला. तेवढ्यात चहा आला.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचं काम पास-नापास केलं.
हे पास केलं,
गेज न लावता.

घरी येऊन कूलरच्या ताट्या बदलल्या.
रात्री लाइटबिलाच्या पाठीमागं
स्प्रिंग, पिन, मूठ, मजुरी अशी बेरीज मांडली,
कारण बोटं ऐकत नाहीत.
नऊ हजार दोनशे.
हिनं कागद बघितला,
म्हणाली, आधी मिक्सरचं भांडं गळते ते पाहा नं बाप्पा.

सोमवारी पुन्हा गेलो.
मुफद्दलभाईचा हात फडक्याकडे गेला.
म्हटलं, नको. त्या बाईचं नाव काय?
त्यानं रजिस्टर काढलं,
ओळीवरून बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा मागं आला.
"नवऱ्याचं आहे. यांचं नुसतं 'पत्नी' लिहिलंय.
सही आहे, पण लागत नाही."

मी वाकून पाहिली.
आधी एकदा केलेली,
मग तिच्यावरूनच, जोर देऊन,
पुन्हा गिरवलेली.